नऊ वॅट

हेमांगी एमवायमधून सकाळी साडेआठला येते,
चहा अर्धाच पिते,
आणि दहाच्या सुमारास झोपेत उतरते,
अंधारात जिना उतरावा तशी, एकेक पायरी चाचपत.

आमची खोली एकच. रामबाग, दुसरा मजला.
त्यात पलंग, टीव्ही, माझं दुरुस्तीचं टेबल
आणि टीव्हीखाली तो जुना कॉम्प्युटर,
तिच्यासाठी कबड्डीचे सामने साठवणारा.
सामने रात्री; रात्री ती वॉर्डात.
शाळेच्या संघात ती उजवा कोपरा सांभाळायची.
अजून कुणाचा घोटा दिसला की नजर तिथेच जाते.

तो साठवायचा, नाही असं नाही. पण भर दुपारी
स्वतःशीच काहीतरी आवरत बसायचा,
पंखा असा सुटायचा
की सियागंजातली मिरचीची चक्कीच घरात आली.
ती कूस बदलायची. उशी कानावर.
एकदा डोळे न उघडताच म्हणाली,
"त्याला सलाईन लाव."

मी वजनकाटे दुरुस्त करतो.
दोन ग्रॅमचा खोटेपणा मला बोटाला कळतो.
एका रविवारी मीटर लावून बसलो:
पासष्ट वॅट. काही न करताना.
चोवीस तास, तीस दिवस, सत्तेचाळीस युनिट,
आणि आकडा दीडशेच्या वर गेला की बिल कसं वागतं
हे इंदुरात कुणाला सांगायला नको.

जेल रोडला हुजैफानं आधी
काचेचं कपाट दाखवलं, आत तीन पंखे, जांभळे दिवे.
म्हटलं, वरात नाही काढायची.
मग खालच्या फळीवरून त्यानं काढलं
जेवणाच्या डब्याएवढं काळं खोकं.
पंखा नाही. पाठीवर अ‍ॅल्युमिनियमच्या पट्ट्या,
फणीच्या दातांसारख्या.
"भिया, इसमें तो कुछ चलेगा ही नहीं,"
तो म्हणाला, अगदी प्रामाणिकपणे.

चालवायचंय कुठे?
रेकॉर्ड करायला ताकद लागत नाही, हुजैफा.
वरून येतं ते न चाखता, न ढवळता
जसंच्या तसं आत ठेवून द्यायचं, एवढंच.

डिस्क लॅपटॉपची घेतली, सावकाश फिरणारी.
पहिल्या अडॅप्टरला बारीक शिट्टी होती;
मला आली नाही ऐकू, हुजैफाच्या धाकट्याला आली.
परत केला.
डिस्कखाली माझ्या जुन्या स्लीपरचे चार तुकडे.
हिरव्या दिव्यावर तिच्या पर्समधली मायक्रोपोर टेप.
मीटर म्हणाला, नऊ.
पुन्हा लावला. नऊच.

त्या सकाळी ती आली, दारातच थबकली.
"बंद पडलं?"
आणि पालथा हात त्याच्या पाठीवर ठेवला,
रात्रीतून शंभरदा ठेवते तसा.
थोडं थांबून म्हणाली,
"नॉर्मल आहे."

आता दुपारी
पंख्याखाली दबलेलं सगळं वर आलंय.
भिंतीपलीकडे खासगीवाल्यांचा खलबत्ता.
टेबलावर काट्याची सुई थरथरून थांबते, जवळजवळ तीसुद्धा.
ती झोपेत बोलते, हे मला
लग्नाला सहा वर्षं झाल्यावर कळलं.
"अकरा नंबर... पाणी दिलं का..."
हे कुठे साठवलं जात नाही.

रात्री आठला ती जाते.
साडेआठला खोकं आपोआप जागं होतं,
म्हणजे होत असावं.
मी टीव्ही लावत नाही.
निकाल आधी कळला तर मंगळवारी, तिच्या सुट्टीला,
माझा चेहरा फितूर होतो.
जेवण. भांडी. एक काटा खोलून ठेवलेला.
खाली कुणाच्या तरी घरात एकदम ओरडा होतो,
कुणी पकडला गेला, किंवा सुटला.
मी नळ सोडतो.

मग झोपायच्या आधी
खोक्यावर पालथा हात ठेवून बघतो.
कोमट.
आत कुणीतरी दम धरून
मधल्या रेषेकडे परत येत असल्यासारखं.